आधी रॅसिमिक, मग असममित: प्रोलिनने पहिली ऑल्डॉल लावताना

प्रयोगशाळेत नवा आलेला मुलगा किंवा मुलगी "८८ टक्के ईई आला" असं सांगत धावत आली, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रॅसिमिकचा क्रोमॅटोग्राम कुठे आहे? (एनँशिओमर म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेले दोन रेणू. त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा किती जास्त आहे ती टक्केवारी म्हणजे ईई, दोन्ही समसमान असलेला नमुना म्हणजे रॅसिमिक, आणि ते वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा आलेख म्हणजे क्रोमॅटोग्राम.) बऱ्याचदा तो नसतो. म्हणजे एक मोठं शिखर दिसलं, त्याच्या शेजारी एक छोटं दिसलं, आणि ते छोटं शिखर दुसऱ्या एनँशिओमरचंच आहे असं गृहीत धरून भागाकार उरकलेला असतो. ते छोटं शिखर उत्पादनातून पाणी निघून गेल्यावर उरलेल्या इनोनचंही असू शकतं. इनोनचा संयुग्मित सांगाडा अतिनील प्रकाश जोरात शोषतो, त्यामुळे चिमूटभर असलं तरी डिटेक्टरवर ऐटीत उभं राहतं.

असममित संश्लेषणात, म्हणजे जोडीतला एकच एनँशिओमर जास्त बनवण्याच्या कामात, उत्प्रेरकाचं कौतुक फार होतं, आणि ते रास्तही आहे. पण पहिल्यांदा हे काम करणाऱ्याची निम्मी दमछाक मोजमापात होते. म्हणून या लेखात एकच अभिक्रिया घेतो आणि वजन करण्यापासून ईईचा आकडा वहीत लिहिण्यापर्यंत ती सगळी चालवून दाखवतो. अभिक्रिया आहे ॲसिटोन आणि ४-नायट्रोबेन्झाल्डिहाइड यांची ऑल्डॉल, म्हणजे कीटोन आणि आल्डिहाइड नव्या कार्बन-कार्बन बंधाने जोडणारी अभिक्रिया; उत्प्रेरक एल-प्रोलिन. एमएस्सीच्या प्रकल्पाला पुरेल एवढी सोपी आहे आणि शिकवण्यासारखं तिच्यात बरंच आहे.

कशासाठी हा खटाटोप

स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याला आणि बाळंतशेपाला वास देणारा मुख्य रेणू एकच: कार्व्होन. अणू तेच, बंध तेच. फरक इतकाच की पुदिन्यातला ‘आर’ असतो आणि बाळंतशेपातला ‘एस’, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. नाकातले ग्राहक स्वतः किरल, म्हणजे डावं-उजवं असलेले, असल्यामुळे त्यांना हा फरक लगेच कळतो. शरीरातल्या बाकीच्या प्रथिनांचंही तसंच. औषधाच्या दुकानातली लिव्होसेट्रिझिन, एसोमेप्राझोल, एस-ॲम्लोडिपिन ही नावं पाहा. ‘लिव्हो’ किंवा ‘एस’ हा तुकडा सांगतो की जोडीतला एकच रेणू गोळीत घातलाय.

साध्या फ्लास्कमध्ये साध्या अभिकर्मकांनी बनवलं तर दोन्ही एनँशिओमर निम्मेनिम्मे मिळतात, कारण दोघांकडे जाणाऱ्या वाटांची चढण अगदी सारखी असते. किरल उत्प्रेरक त्यातली एक वाट थोडी सोपी करतो. किती थोडी? खोलीच्या तापमानाला ८८:१२ असं गुणोत्तर, म्हणजे ७६ टक्के ईई मिळायला दोन संक्रमण अवस्थांच्या, म्हणजे त्या दोन वाटांवरच्या माथ्यांच्या, ऊर्जेत मोलमागे साधारण १.२ किलोकॅलरींचा फरक पुरतो. ९९ टक्के ईईसाठी सुमारे ३.१ लागतात. इथेनमधला कार्बन-कार्बन बंध फिरवायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते. इतक्या बारीक फरकावर सगळा डोलारा उभा असल्यामुळे द्रावक, तापमान, पाण्याचा अंश यांतला लहानसा बदलही आकड्यात उमटतो.

ईईची व्याख्या एकदा पक्की करून टाकू: जास्त असलेल्यातून कमी असलेला वजा करायचा, दोघांच्या बेरजेने भागायचं, शंभरने गुणायचं. ८८ आणि १२ असतील तर ईई ७६. "८८ टक्के शुद्ध आहे, म्हणजे ईई ८८" असं लिहिलेलं मी चांगल्या चांगल्या अहवालांत पाहिलंय.

प्रोलिनच का

असममित उत्प्रेरणाचं २००१ सालचं नोबेल नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस यांना मिळालं. ते सगळं काम धातूंवर उभं आहे. शार्पलेसचं इपॉक्सिडेशन अप्रतिम आहे, पण त्यासाठी टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड, टार्टरेट, टर्शरी ब्युटिल हायड्रोपेरॉक्साइड, मॉलेक्युलर सीव्ह्ज, उणे २० अंश तापमान आणि काटेकोर कोरडेपणा लागतो. हायड्रोजनेशनला दाबपात्र हवं. पहिल्याच प्रयोगात एवढं सांभाळताना चूक नेमकी कुठे झाली ते कळतच नाही.

प्रोलिन म्हणजे आपल्या शरीरातलंच अमिनो आम्ल. बाटलीत येतं, हवेत उघडं चालतं आणि ‘एल’ रूप स्वस्त आहे. १९७१ साली शेरिंग कंपनीतल्या एडर, साउअर, विखर्ट यांनी आणि त्याच सुमारास हॉफमन-ला रोशमधल्या हायॉश आणि पॅरिश यांनी स्टेरॉइडांची कडी बांधण्यासाठी प्रोलिन वापरलं होतं. पण तिथे एकमेकांशी जुळणारे दोन्ही भाग एकाच रेणूत होते. दोन वेगळ्या रेणूंमध्ये हेच जमेल का, हे पाहायला जवळपास तीस वर्षं गेली. २००० साली कॅलिफोर्नियात स्क्रिप्स संस्थेत बेंजामिन लिस्ट, रिचर्ड लर्नर आणि कार्लोस बार्बास यांनी ते करून दाखवलं. ऑल्डॉल घडवून आणणाऱ्या प्रतिपिंडांवर तिथे काम चालू होतंच. एवढं मोठं प्रथिन जे करतं ते एक सुटं अमिनो आम्ल करेल का, असा तो सरळ प्रश्न होता. लिस्ट यांना डेव्हिड मॅकमिलन यांच्यासोबत २०२१ सालचं नोबेल मिळालं त्याची सुरुवात इथली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही प्रोलिन वापरून आल्डिहाइडच्या शेजारच्या कार्बनवर ऑक्सिजन किंवा नायट्रोजन बसवण्याचं आणि त्यातून औषधी रेणू बांधण्याचं भरपूर काम झालंय.

प्रोलिन दोन हातांनी काम करतं. त्यातला दुय्यम अमाइन ॲसिटोनशी जुळून पाणी बाहेर टाकतो आणि इनामाइन बनवतो. हा झाला हल्ला करणारा तुकडा. दुसरीकडे कार्बॉक्सिलिक आम्लाचा हायड्रोजन आल्डिहाइडच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. आल्डिहाइड असं एका बाजूने बांधलं गेलं की त्याचा मोठा गट, म्हणजे नायट्रोफिनाइल, अडचणीच्या जागेपासून दूर राहतो आणि इनामाइन ठरावीक चेहऱ्यावरूनच येतं. उत्पादन ‘आर’ मिळतं. दोन्ही हात लागतात याचा पुरावा लिस्ट आणि सहकाऱ्यांच्या त्या २००० सालच्या शोधनिबंधातच आहे: व्हॅलिन, फिनाइलॲलॅनिन यांसारख्या साध्या अमिनो आम्लांनी आणि प्रोलिनच्या अमाइडनेही त्या परिस्थितीत दहा टक्के उत्पादनसुद्धा दिलं नाही.

पहिला दिवस: रॅसिमिक

असममित अभिक्रियेला हात लावण्याआधी रॅसिमिक नमुना तयार ठेवा. पुस्तकात सोडियम हायड्रॉक्साइडची ऑल्डॉल दिलेली असते, पण या आल्डिहाइडवर ती उतावीळपणे पाणी काढून इनोन बनवते. त्यापेक्षा डीएल-प्रोलिन (एल आणि त्याचं प्रतिबिंब डी यांचं समसमान मिश्रण) घ्या आणि पुढे दिलेली कृती जशीच्या तशी करा. उत्पादन तेच, अशुद्धी त्याच, फक्त दोन्ही एनँशिओमर समसमान. डीएल नसेल तर एल आणि डी प्रोलिन बारकाईने सारखं तोलून एकत्र करा.

डी-प्रोलिन महाग आहे, पण थोडं मागवून ठेवाच. त्याने केलेल्या अभिक्रियेत मोठं आणि छोटं शिखर अदलाबदल करून यायला हवं. तसं आलं तर ती दोन शिखरं खरोखर एनँशिओमर आहेत याची याहून चांगली खात्री नाही.

रिॲक्शन लावणे

प्रमाण एक मिलिमोलचं धरू. ४-नायट्रोबेन्झाल्डिहाइड १५१ मिलिग्रॅम, एल-प्रोलिन ३५ मिलिग्रॅम (३० मोल टक्के, म्हणजे आल्डिहाइडच्या शंभर रेणूंमागे तीस), डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हा द्रावक) ८ मिलिलिटर, ॲसिटोन २ मिलिलिटर. ॲसिटोन इथे द्रावकही आहे आणि कच्चा मालही. आल्डिहाइडच्या सत्तावीसपट मोल पडतात. ते मुद्दाम. ॲसिटोन कमी केलं तर प्रोलिन आल्डिहाइडशीच जुळून बसतं आणि वाया जातं.

आल्डिहाइड आधी तपासा. ते फिकट पिवळं स्फटिकी असतं, १०३ ते १०६ अंशांना वितळतं. जुन्या बाटलीतलं असेल तर हवेने त्याचं आम्ल झालेलं असू शकतं; टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ थराच्या प्लेटवर ठिपके वेगळे करणारी चाचणी) खाली अडकलेला ठिपका दिसला तर पुन्हा स्फटिक करून घ्या.

डीएमएसओबद्दल थोडं जास्त सांगतो. तो साडेअठरा अंशांनाच गोठतो. डिसेंबरात पुण्यात सकाळी प्रयोगशाळा उघडली की बाटलीत पांढरा दगड दिसतो आणि नवीन मुलं घाबरतात. कोमट पाण्यात बाटली ठेवा, पूर्ण वितळू द्या, मगच घ्या. अर्धवट वितळलेल्यातून घेऊ नका, कारण गोठताना पाणी द्रव भागात मागे राहतं आणि तुम्हाला नेमका तोच ओला भाग मिळतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणातली अडचण उलटी: हा द्रावक हवेतलं पाणी अधाशासारखा ओढतो. थोड्या पाण्याने ही अभिक्रिया मरत नाही, पण तुमचा जुलैतला आकडा आणि जानेवारीतला आकडा जुळणार नाही. झाकण लगेच लावा. आणि हातमोजे घाला: डीएमएसओ त्वचेतून आत जाताना त्यात विरघळलेलं सगळं सोबत नेतो.

गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये मॅग्नेटिक नीडल टाका, डीएमएसओ, ॲसिटोन आणि प्रोलिन घालून पंधरा मिनिटं ढवळा. प्रोलिन पूर्ण विरघळणार नाही, मिश्रण थोडं गढूळ राहील. राहू द्या. मग आल्डिहाइड एकदम घाला, बूच लावा. नायट्रोजन नको, बर्फ नको. पंचवीस अंशांच्या आसपास तापमान असू द्या आणि ते वहीत लिहा. "रूम टेम्परेचर" लिहू नका. नागपूरच्या मे महिन्यातली खोली आणि नाशिकच्या जानेवारीतली खोली एक नव्हे.

दर तासाला टीएलसी घ्या. पेट ईथर आणि इथाइल ॲसिटेट सात-तीन चालेल. प्लेटवर द्रावण सरळ लावलं तर डीएमएसओमुळे ठिपके शेपटीसारखे ओढले जातात. थेंबभर मिश्रण पाणी आणि इथाइल ॲसिटेटमध्ये हलवून वरचा थर लावा. आल्डिहाइड वर, उत्पादन त्याच्या बरंच खाली. चार तास पुरतात. "रात्रभर ठेवू, जास्त मिळेल" हा मोह टाळा. ऑल्डॉल ही दोन्ही दिशांनी चालणारी अभिक्रिया आहे: ताटकळत ठेवली तर उत्पादन उलट्या वाटेने फुटून पुन्हा जुळू शकतं आणि निवडकता झिजते. शिवाय इनोन वाढतं ते वेगळंच.

वर्कअप आणि कॉलम

अमोनियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण तितक्याच पाण्यात मिसळून त्याचे १५ मिलिलिटर घाला आणि इथाइल ॲसिटेटने तीनदा काढा. एकत्र केलेला सेंद्रिय थर मिठाच्या पाण्याने निदान तीनदा धुवा, हे धुणं डीएमएसओ घालवण्यासाठी आहे. त्याचा उत्कलनबिंदू १८९ अंश, रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) तो हलत नाही. सोडियम सल्फेटवर वाळवा, गाळा, आटवा. पाण्याची टाकी चाळीस अंशांच्या वर नेऊ नका.

इथे एक थांबा घ्या. कॉलम (सिलिका भरलेल्या नळीतून शुद्धीकरण) लावण्याआधी कच्च्या उत्पादनाचा छोटा नमुना बाजूला काढून त्याचा प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन ओळखणारा वर्णपट) घ्या. आल्डिहाइडचा प्रोटॉन १०.१६ पीपीएमला, उत्पादनाचा हायड्रॉक्सिलशेजारचा प्रोटॉन ५.२६ ला, मिथाइल २.२२ ला. इनोनचं मिथाइल २.४ च्या आसपास येतं आणि सोबत १६ हर्ट्झने दुभंगलेली रेष. २.१७ ला उंच रेष दिसली तर आनंदू नका, ते ॲसिटोन आहे. २.६२ ला दिसली तर धुणं अपुरं झालंय.

मग सिलिकाचा कॉलम, पेट ईथर आणि इथाइल ॲसिटेट आठ-दोनपासून सात-तीनपर्यंत. आता जे सांगतो ते सहसा कुणी सांगत नाही. उत्पादनाचे सगळे अंश एकत्र करा, पहिल्यापासून शेवटच्या पुसट ठिपक्यापर्यंत, आणि मगच ईईसाठी नमुना घ्या. साधी सिलिका किरल नसते, तरीही एकीकडे झुकलेलं मिश्रण तिच्यातून जाताना पुढच्या अंशांत एक ईई आणि मागच्या अंशांत दुसरा, असं होऊ शकतं. कारण रेणू आपसांत हायड्रोजन बंधांनी जोड्या करतात, आणि सजातीय जोडीची चाल विजातीय जोडीपेक्षा वेगळी असते. मधले "स्वच्छ" अंश तेवढे निवडले तर तुम्ही उत्प्रेरकाचा नाही, कॉलमचा ईई मोजताय.

स्फटिकीकरणाचं तर उघडच आहे. त्याने ईई बदलतो, कधी घसघशीत वाढतो. करायचं तर जरूर करा, पण मोजमापानंतर, आणि अहवालात दोन्ही आकडे द्या.

उत्पन्न मोजताना पूर्ण उत्पादन २०९ मिलिग्रॅम धरा. मूळ शोधनिबंधात ६८ टक्के उत्पन्न आणि ७६ टक्के ईई आहे. तुम्हाला १३० ते १४५ मिलिग्रॅम मिळाले तर हात बरा बसलाय.

आकडा काढणे

किरल एचपीएलसी, म्हणजे किरल पदार्थ भरलेल्या कॉलममधून दाबाने द्रव ढकलून दोन एनँशिओमर वेगळे करणारं यंत्र, हा सरळ मार्ग. पॉलिसॅकराइडचा एएस-एच जातीचा कॉलम, हेक्झेन आणि आयसोप्रोपॅनॉल ८५:१५, मिनिटाला एक मिलिलिटर, २५४ नॅनोमीटर, इथून सुरुवात करा. शिखरं चिकटली तर आयसोप्रोपॅनॉल कमी करा. वेळा दुसऱ्याच्या लेखातून उचलू नका. कॉलमचं वय आणि तापमान यांनुसार त्या सरकतात, आणि म्हणूनच त्याच दिवशी त्याच कॉलमवर आधी रॅसिमिक चालवायचं. त्याची दोन शिखरं ५०:५० आली पाहिजेत. ५३:४७ आली तर पुढे जाऊच नका: एखादी अशुद्धी एका शिखराखाली दडली आहे किंवा बेसलाइन चुकली आहे.

आमच्याकडे एकदा एका मुलाने घाईत नमुना इथाइल ॲसिटेटमध्येच विरघळवून टोचला, दिवसभर टोचत राहिला. जुन्या पद्धतीच्या कॉलममध्ये पॉलिसॅकराइड सिलिकावर फक्त लेपलेलं असतं. इथाइल ॲसिटेट, ॲसिटोन, डायक्लोरोमिथेन, डीएमएसओ यांपैकी काहीही तो लेप सोडवून नेतं. संध्याकाळपर्यंत लाखाच्या घरातला कॉलम नुसती नळी होऊन बसला होता. तेव्हा नमुना आयसोप्रोपॅनॉलमध्येच विरघळवा आणि त्याआधी निर्वात पंपावर तासभर सुकवा. आयए, आयबी, आयसी या जातींत पॉलिसॅकराइड बंधाने घट्ट बसवलेलं असतं. ते असे द्रावक सोसतात, तरी सवय लावून घेऊ नका.

एचपीएलसी नसेल तर मोशर एस्टर (उत्पादन एका किरल आम्लाशी जोडून) बनवून फ्लोरिन एनएमआर पाहतात. या उत्पादनाला मी तो मार्ग सुचवणार नाही. कीटोनपासून दुसऱ्या कार्बनवर एस्टर बसला की तो निसटून इनोन व्हायला टपलेलाच असतो. प्रकाशीय वलनावरून (ध्रुवित प्रकाश किती वळतो त्यावरून) ईई काढणं त्याहून धोक्याचं: उरलेला द्रावक, तापमान, संहती सगळंच त्या आकड्यात मिसळतं. वलन दिशा पडताळायला वापरा, टक्केवारी काढायला नको.

आकडा कमी आला तर

सत्तर ते ऐंशीच्या मधे असाल तर काही बिघडलेलं नाही. पन्नासच्या खाली गेलात तर आधी प्रोलिनच्या बाटलीवरचं नाव वाचा. डीएलची बाटली एलच्या शेजारी ठेवलेली असते आणि घाईत हात तिच्याकडे जातो. दोन्ही पावडरी दिसायला सारख्याच. मग तापमान आणि वेळ तपासा. सिलिका कॉलमचे सगळे अंश घेतले होते का, ते पाहा. उत्पन्न कमी पण ईई ठीक असेल तर इनोन किती झालंय ते कच्च्या एनएमआरमध्ये शोधा.

मुळात ७६ हा आकडा फार मोठा नाहीच. सपाट अरोमॅटिक आल्डिहाइडांना प्रोलिन तितकंसं घट्ट धरत नाही. त्याच शोधनिबंधात साध्या बेन्झाल्डिहाइडला ६० टक्के ईई मिळाला, आणि फांदी असलेल्या आयसोब्युटिराल्डिहाइडला मात्र ९७ टक्के उत्पन्नासह ९६. म्हणून पहिला प्रयोग जमला की दुसरा आयसोब्युटिराल्डिहाइडवर करून पाहा. ते ताजं ऊर्ध्वपातित करून घ्या, हवेत ते फार लवकर आम्ल होतं. उत्पादनात अरोमॅटिक कडं नसल्यामुळे २५४ नॅनोमीटरला ते दिसणारही नाही. मोजमापासाठी वेगळी सोय करावी लागेल, किरल जीसी (वायू क्रोमॅटोग्राफी) असेल तर उत्तम.

नायट्रोबेन्झाल्डिहाइडलाच धरून वर चढायचं असेल तर उत्प्रेरक बदला. प्रोलिनच्या आम्लगटाऐवजी हायड्रॉक्सिल असलेला अमाइड जोडून आयआयटी कानपूरच्या विनोद सिंग यांच्या गटाने मिठाच्या पाण्यात, अवघ्या अर्ध्या मोल टक्का उत्प्रेरकावर, ९९ टक्क्यांच्या पुढचे ईई मिळवले आहेत. पण तो उत्प्रेरक आधी स्वतः बनवावा लागतो. आणि इतक्या वरच्या ईईला छोटं शिखर अर्ध्या टक्क्याहून लहान असतं, बेसलाइनच्या थरथरीत हरवण्याइतकं. तेव्हा जरा जास्त नमुना टोचा, आणि रॅसिमिकचा क्रोमॅटोग्राम त्याच पानावर खाली चिकटवा.